स्पॅनिशमधलं ‘सालित्रे’ मराठीत कसं आणायचं

पुण्यात स्पॅनिशच्या तिसऱ्या पातळीला शिकत होते तेव्हा मला पहिलं पैशाचं काम मिळालं. चिलीहून आलेल्या खताचं माहितीपत्रक होतं, चार पानांचं, ते मराठीत हवं होतं. प्रत्येक दुसऱ्या ओळीत एकच शब्द होता : सालित्रे. कोश उघडला, तर पहिलाच अर्थ पोटॅशियम नायट्रेट. त्याला मराठीत सोरा म्हणतात हे ठाऊक होतं, म्हणून चारही पानांत सोरा लिहून मोकळी झाले. पाठवण्याआधी शेजारच्या काकांना वाचायला दिलं. त्यांची सगळी नोकरी शेतीखात्यात गेलेली. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अगं, सोरा म्हणतेस तर यात पालाश कुठंय? सोऱ्यात पालाश हवाच. इथं नत्र सोळा टक्के दिलंय आणि पुढं सोडियम. हा सोरा नव्हे.”

पालाश म्हणजे पोटॅशियम, नत्र म्हणजे नायट्रोजन. काकांना स्पॅनिशचं एक अक्षर येत नव्हतं, तरी चूक त्यांनीच पकडली. चार पानं पुन्हा लिहिली. तेव्हापासून हा शब्द जिथं भेटेल तिथून वहीत उतरवत आले आणि माझ्यापुरती एक पद्धत बसत गेली. स्पॅनिश शिकणाऱ्या किंवा त्यातून अनुवाद करू लागलेल्या मराठी माणसांसाठी ती इथं क्रमानं मांडते.

हाताशी काय ठेवाल

- स्पेनच्या राजअकादमीचा कोश. इंटरनेटवर फुकट पाहता येतो. पहिल्या अर्थावर थांबू नका, शेवटपर्यंत वाचा. अर्थापुढे देशाचं नाव दिलेलं असतं, ते फार कामाचं.
- स्पॅनिश अकादम्यांच्या संघटनेचा अमेरिकी स्पॅनिशचा कोश. तोही इंटरनेटवर आहे.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. जुने, घरगुती, शेतातले मराठी शब्द त्यात सापडतात. आपल्याला लागतात ते नेमके हेच.
- दक्षिण अमेरिकेचा नकाशा. शक्य असेल तर १८७९ च्या आधीचा एक आणि नंतरचा एक.
- दोन रासायनिक नावं, कागदावर लिहून : पोटॅशियम नायट्रेट आणि सोडियम नायट्रेट. निम्मा घोळ या दोघांतला आहे.

१. आधी शब्द नीट ओळखा

उच्चार सा-ली-त्रे, जोर ‘ली’वर. त मराठी दंत्य त सारखाच. शब्द पुल्लिंगी : एल सालित्रे. मूळ लॅटिनमधल्या ‘साल नित्रुम’ या जोडीत आहे. साल म्हणजे मीठ आणि नित्रुम म्हणजे जमिनीतून मिळणारा एक खार. नायट्रोजन हे नावसुद्धा याच नित्रुमच्या घराण्यातलं. शेतकऱ्याचं नत्र, स्पॅनिशमधलं नित्रो आणि नायट्रोजन हे तीन शब्द शेजारी ठेवून म्हणून बघा, शब्द पक्का लक्षात राहतो.

नातलगही ओळखून ठेवा. सालित्राल म्हणजे सालित्रे जमते ती जागा. सालित्रोसो म्हणजे सालित्रे असलेलं, बहुतेक वेळा जमिनीबद्दल. सालित्रेरा म्हणजे सालित्रे काढण्याची जागा किंवा कारखाना, आणि सालित्रेरो म्हणजे त्या धंद्यातला माणूस किंवा त्या धंद्याशी संबंधित काहीही.

दिसायला जवळचे पण वेगळ्या घरचे शब्द दोन. सालिना म्हणजे मिठागर. सालार म्हणजे आटलेल्या सरोवराचं मिठाचं पठार, जसं बोलिव्हियातलं उयुनी. यांच्यात आणि सालित्रेत गल्लत करू नका.

२. मजकूर कुठल्या देशाचा आणि कुठल्या काळाचा, ते ठरवा

ही पायरी वगळली की पुढचं सगळं चुकतं. माझं तेच झालं. कोशानं मला सोरा सांगितला तो खोटा नव्हता. मजकूर चिलीचा होता आणि चिलीपुरता अर्थ कोशात तिसऱ्या क्रमांकाला होता.

वहीत तीन ओळी लिहा : लेखक कुठला, गोष्ट कुठं घडते, कधी घडते. मेक्सिकोतली गृहिणी, क्यूबातला कोळी, अठराव्या शतकातला स्पेनचा तोफखान्याचा अधिकारी आणि उत्तर चिलीतल्या अंतोफागास्ताचा खाणकामगार हे चौघं एकच शब्द उच्चारतात, पण चौघांच्या हाताला लागलेली वस्तू वेगळी असते.

३. सालित्रे कशाला चिकटलंय ते बघा

देश-काळ कळला की वाक्यात शोधा : हे सालित्रे कशावर आहे?

*भिंतीवर असेल तर लोणा.* मेक्सिकोत किंवा पेरूच्या किनारपट्टीवर कुणी म्हणालं, “ला पारेद तिएने सालित्रे”, तर त्याचं मराठी “भिंतीला लोणा लागलाय”. इथं मराठी आणि स्पॅनिश अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. जुन्या वाड्याची तळमजल्याची भिंत आठवा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंग फुगलेला, त्याखाली कापसासारखं पांढरं काहीतरी फुललेलं. बोट लावलं की भुरभुर खाली पडतं. झाडून काढावं तर पावसाळा सरल्यावर पुन्हा हजर. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं आणि भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातं. त्यात विरघळलेले क्षार मागं राहून स्फटिक धरतात. स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात आणि पोपडे निघतात. मेक्सिकोत हार्डवेअरच्या दुकानात यावरचे खास रंग मिळतात, डब्यावर ‘आन्तीसालित्रे’ लिहिलेलं असतं. त्याचं मराठी ‘लोणारोधक रंग’ केलं तर कुठल्याही गवंड्याला कळेल.

या ठिकाणी ‘सोरा’ लिहायचा मोह आवरा. भिंतीवरच्या पांढऱ्या थरात सल्फेटं असतात, साधं मीठ असतं, नायट्रेटंही असू शकतात. बोलणाऱ्याला त्यातलं एकही वेगळं काढून सांगायचं नसतं. त्याला भिंत खराब झाली एवढंच सांगायचंय.

*अंगावर, केसांत, हवेत असेल तर समुद्राचा खार.* कॅरिबियन बेटांवर आणि स्पेनच्या किनाऱ्यावर सालित्रे म्हणजे समुद्रावरून येणारा खारा ओलावा, अंगावर सुकून राहिलेलं समुद्राचं मीठ. “ओलोर आ सालित्रे” म्हणजे खाऱ्या वाऱ्याचा वास. कोकणात घर असलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही, खिडकीचे गज कशानं गळून पडतात ते त्याला ठाऊक आहे. इथं खार, खारा वारा, खारं वारं यांतलं जे वाक्यात बसेल ते घ्या. एक मात्र सांभाळा : सालित्रेनं लोखंड ‘खाल्लं’ असं स्पॅनिशमध्ये सर्रास म्हणतात. ते मराठीत उतरवताना ‘खार’ आणि ‘खाणे’ शेजारी आले की वाचकाच्या कानात ‘खार खाणे’ वाजतं आणि वाक्य द्वेषाकडे वळतं. “खाऱ्या वाऱ्यानं गज पोखरले” असं लिहा.

*जमिनीत असेल तर खारवट.* “तिएर्रा सालित्रोसा” ही खारवट जमीन. सालित्रालला खारवट माळ म्हणता येतं. आपल्याकडे चोपण हाही शब्द आहे, पण चोपण जमिनीत सोडियमनं मातीची घडणच बिघडलेली असते, पाणी मुरत नाही. मूळ मजकुरात तसं काही नसेल तर चोपण वापरू नका. विदर्भातला ‘खारपाणपट्टा’ हा फार देखणा शब्द आहे, पण तो पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या मुलखाचाच. अर्जेंटिनाच्या माळाला तो चिकटवला की वाचक अकोल्यात जाऊन उभा राहतो.

४. सोरा केव्हा लिहायचा

दोन ठिकाणी बिनधास्त लिहा.

पहिलं, बंदुकीची दारू. जुन्या स्पॅनिश कागदांत सालित्रे, आसूफ्रे आणि कार्बोन हे तीन शब्द एकत्र दिसले की ते सोरा, गंधक आणि कोळसा. चांगल्या दारूत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. माद्रिदच्या लाव्हापिएस भागात आजही ‘सालित्रे’ नावाची गल्ली आहे. अठराव्या शतकात राजाचा सोऱ्याचा कारखाना त्या बाजूला होता, त्याचीच ती आठवण. इथला सोरा हा आपल्याकडच्यासारखाच. बिहारमध्ये गावाभोवतीच्या मातीतून, जिथं गुरांचं मूत आणि शेण वर्षानुवर्षं जिरलेलं असे, तिथून नुनिया लोक सोरा काढत आणि कंपनीची जहाजं तो युरोपला नेत. त्यामुळे या अर्थानं सालित्रे आणि सोरा ही एकाच बाजारातली वस्तू आहे. काही अडचण नाही.

दुसरं, मांस टिकवण्याच्या कृती. चोरीसो (मसालेदार सॉसेज) किंवा खारवलेल्या मांसाच्या जुन्या कृतीत चिमूटभर सालित्रे सांगितलेलं असतं. मांसाचा लाल रंग टिकवण्यासाठी आणि ते बिघडू नये म्हणून ते घालतात. इथं ‘खार’ किंवा ‘मीठ’ लिहिणं धोक्याचं आहे, कारण वाचक ते मुठीनं घालेल. नायट्रेट जास्त पोटात गेलं तर अपाय होतो. ‘सोरा (पोटॅशियम नायट्रेट)’ असंच लिहा आणि मूळ माप ग्रॅमला ग्रॅम ठेवा. चमच्यात बदलू नका.

५. चिलीचं सालित्रे : इथं घाई करू नका

खरा मुक्काम इथं करायचा. चिलीच्या उत्तरेला आताकामाचं वाळवंट आहे, जगातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. तिथल्या जमिनीखाली सोडियम नायट्रेटचे थर आहेत. सोडियम नायट्रेट पाण्यात इतकं सहज विरघळतं की पाऊस पडणाऱ्या मुलखात त्याचा थर टिकणारच नाही. तिथं पाऊस जवळजवळ नाही, म्हणून ते टिकलं. चिलीत सालित्रे म्हटलं की ते हे, आणि ते सोरा नव्हे.

फरक नुसता नावाचा नाही. सोडियम नायट्रेट हवेतली ओल ओढतं, त्यामुळे बंदुकीच्या दारूला ते सरळ चालत नसे. आधी पोटॅशियमच्या क्षाराशी क्रिया करून त्याचा सोरा करावा लागे. पण खत म्हणून ते उत्तम. शुद्ध सोडियम नायट्रेटमध्ये नत्र साडेसोळा टक्क्यांच्या आसपास असतं, सोऱ्यात चौदाच्या आत, आणि सोऱ्यात पालाश जास्तीचा मिळतो. काकांनी तक्ता बघून ओळखलं ते यावरून. तुम्हीही शंका आली की तक्ता शोधा. पोटॅशियम दिसलं तर सोरा, सोडियम दिसलं तर चिलीचं सालित्रे.

मराठीत मी ‘सालित्रे’ हाच शब्द ठेवते. पहिल्यांदा येतो तिथं “सालित्रे, म्हणजे आताकामाच्या वाळवंटातून निघणारं सोडियम नायट्रेट” असं एकदा सांगून टाकते, पुढं नुसतं सालित्रे. खताच्या कागदपत्रात मात्र सरळ सोडियम नायट्रेट लिहा. शेतकऱ्याला तेच हवं असतं.

आता या धंद्यातल्या मजकुरातले सापळे. मी यातल्या बहुतेकांत अडकले आहे.

*कालीचे.* चिलीत कालीचे म्हणजे सालित्रेचा कच्चा दगड, खाणीतून निघतो तो. त्यात नायट्रेटाबरोबर मीठ, माती, सल्फेटं आणि आयोडिनचे क्षारही असतात. पण मेक्सिकोत आणि भूशास्त्राच्या पुस्तकांत कालीचे म्हणजे जमिनीत धरलेला चुन्याचा कडक थर, आपल्याकडच्या चुनखडीच्या कंकराच्या जातीचा. शब्द एक, वस्तू दोन. पुन्हा दुसरी पायरी आठवा : देश कुठला?

*ओफिसीना.* याचा पहिला अर्थ ऑफिस. “त्रबाखाबा एन ला ओफिसीना” (तो ओफिसीनात काम करी) हे वाक्य वाचून मी एका कामगाराला कचेरीत नोकरी दिली होती. दोन पानांनी त्याच्या हातात पहार आणि सुरुंग आला तेव्हा थांबले. लॅटिनमध्ये ‘ओफिचिना’ म्हणजे कारागिराची कामाची जागा, आणि सालित्रेच्या धंद्यात तोच जुना अर्थ टिकून राहिला. ओफिसीना सालित्रेरा म्हणजे अख्खा कारखाना आणि त्याची वसाहत : यंत्रं, चिमणी, कामगारांच्या खोल्या, दुकान, शाळा, कुठं कुठं नाटकगृहसुद्धा. इकिके बंदरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर उम्बरस्टोन नावाची ओफिसीना आजही उभी आहे. १९६० मध्ये ती बंद पडली, आणि २००५ मध्ये शेजारच्या सान्ता लाउरासह तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिचे फोटो एकदा बघून घ्या. पत्र्याच्या भिंती आणि मोकळी मैदानं डोळ्यांपुढं आली की ‘कचेरी’ लिहायला हात धजणार नाही.

*पुल्पेरिया.* स्पेनच्या गालिसियात हे ऑक्टोपस खाऊ घालणारं हॉटेल. सालित्रेच्या मुलखात हे कंपनीचं किराणा दुकान.

*फिचा.* कामगाराला रोख पैसे न देता ओफिसीना स्वतःचे बिल्ले देई, कधी धातूचे, कधी रबराचे. ते चालत फक्त त्याच ओफिसीनाच्या पुल्पेरियात. बाहेर मोडायला गेलं की किंमत कापली जाई. फिचाला ‘टोकन’ म्हणता येतं, पण मी ‘बिल्ला’ लिहिते आणि पगार बिल्ल्यांत मिळे हे वाक्यात दिसेल असं बघते. ही व्यवस्था वाचकाला कळली नाही तर पुढचे संप कशासाठी झाले तेही कळणार नाही.

*रिपियो आणि तोर्ता.* रिपियो म्हणजे सालित्रे काढून घेतल्यावर उरलेला चोथा. त्याचे सपाट माथ्याचे ढीग कारखान्याबाहेर साचत, त्याला तोर्ता म्हणत. तोर्ता म्हणजे एरवी केक. वाळवंटात केक दिसला की थांबा.

*आग्वा व्येखा.* शब्दशः ‘जुनं पाणी’. हे कळायला कारखान्यात काय चाले ते माहीत हवं. फोडलेलं कालीचे काचूचो नावाच्या मोठ्या टाक्यांत घालून वाफेच्या नळ्यांनी तापवत. इथली युक्ती सुंदर आहे. १०० ग्रॅम पाण्यात वीस अंशाला सुमारे ८८ ग्रॅम सोडियम नायट्रेट विरघळतं, उकळत्या पाण्यात १८० च्या आसपास. साधं मीठ मात्र गार पाण्यात ३६ आणि उकळत्यात ३९, म्हणजे जवळजवळ तेवढंच. म्हणून कढत पाणी नायट्रेट भरपूर उचलतं, मीठ बरंचसं तळाशी राहतं. ते कढत पाणी बातेआ नावाच्या उथळ हौदांत निवायला सोडलं की पांढरं सालित्रे तळाशी बसतं. त्यावर उरतं ते आग्वा व्येखा. ते फेकत नसत. ते पुन्हा काचूचोत जाई आणि त्यातूनच आयोडिन काढलं जाई. मी याला ‘उरलेलं खारं पाणी’ लिहिते. ‘जुनं पाणी’ लिहिलं तर वाचकाला शिळं पाणी वाटतं.

*किन्ताल.* हा आकड्यांचा सापळा आहे आणि मराठी माणूस यात हमखास पडतो, कारण आपल्या बाजार समितीत क्विंटल म्हणजे शंभर किलो. जुना स्पॅनिश किन्ताल म्हणजे शंभर लिब्रा, सुमारे ४६ किलो. ‘किन्ताल मेत्रिको’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच शंभर किलो. १८७८ मध्ये बोलिव्हियानं अंतोफागास्ताच्या कंपनीवर दर किन्तालमागं १० सेन्ताव्होस कर बसवला. त्या वादातून फेब्रुवारी १८७९ मध्ये चिलीचं सैन्य अंतोफागास्तात उतरलं आणि युद्ध पेटलं. पॅसिफिकचं युद्ध हे त्याचं एक नाव, सालित्रेचं युद्ध हे दुसरं. दोन्ही एकाच युद्धाची नावं आहेत, अनुवादात त्यांची दोन युद्धं करू नका.

*‘चिलीचं’ हे विशेषण.* त्या युद्धाआधी तारापाका प्रांत पेरूचा होता आणि अंतोफागास्ता बोलिव्हियाचं. १८७५ मध्ये ओफिसीना सरकारच्या ताब्यात घेण्याचा कायदा झाला तो पेरूत. तेव्हा १८६० किंवा १८७० च्या दशकातल्या मजकुरात तारापाकाच्या मालाला ‘चिलीचं सालित्रे’ म्हणणं चूक आहे, मूळ लेखकानं देश लिहिला नसला तरी. दोन नकाशे जवळ ठेवा म्हटलं ते यासाठी.

*अठरा पेनी.* १९०७ च्या डिसेंबरात हजारो कामगार पाम्पा, म्हणजे तो वाळवंटी माळ, उतरून बायकामुलांसह इकिकेत आले. त्यांच्या मागण्यांत “आ दिएसिओचो पेनीकेस” हे शब्द येतात. त्याचा अर्थ ‘अठरा पेनी मजुरी’ असा नाही. पेसोची किंमत घसरत चालली होती, तेव्हा मजुरी एका पेसोला अठरा ब्रिटिश पेनी या दरानं धरून द्या, ही मागणी होती. फिचा पूर्ण किमतीला मोडून मिळाव्यात ही दुसरी. २१ डिसेंबरला सान्ता मारिया शाळेत थांबलेल्या या लोकांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. मृतांचे आकडे वेगवेगळ्या लिखाणांत फार वेगळे येतात. तुमच्या मजकुरात जो आहे तोच ठेवा, दुसरीकडचा आणून ‘दुरुस्त’ करू नका. आणि मागणीचं वाक्य तीनदा तपासा. ज्यासाठी ती माणसं तिथं बसली होती ते अनुवादात चुकणं मला फार वाईट वाटतं.

*सालित्रे सिन्तेतिको.* १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा कारखाना सुरू झाला. पुढं कारखान्यात बनलेली नायट्रेटं बाजारात आली आणि चिलीच्या धंद्याची घसरण झाली. या काळातल्या मजकुरात ‘कृत्रिम’ आणि ‘नैसर्गिक’ सालित्रे असा भेद येतो. तो गाळू नका.

स्पेनमधल्या मजकुरात हेच खत ‘नित्रातो दे चिले’ म्हणून येतं. तिथल्या खेड्यांत पिवळ्या फरशीवर काळ्या घोडेस्वाराची आकृती असलेली त्याची जाहिरात अजून भिंतींवर दिसते. म्हातारी माणसं आठवणी सांगताना तिचा उल्लेख करतात. अशा वेळी ‘चिलीचं नायट्रेट’ लिहा, सालित्रे नको.

६. गावांची आणि माणसांची नावं

इक्वादोरच्या ग्वायास प्रांतात सालित्रे नावाचा तालुका आहे, बोगोतात सिउदाद सालित्रे ही वस्ती. नावं तशीच ठेवा. पाम्पीनो हा शब्दही तसाच राहू द्या. सालित्रेच्या माळावर राहणारा-राबणारा माणूस, असं एकदा सांगितलं की पुरे.

७. पाठवण्याआधी

सगळा मजकूर संपल्यावर फक्त सालित्रे हा शब्द शोधत पहिल्यापासून जा. एकाच कादंबरीत तो दोन अर्थांनी येऊ शकतो. इकिकेच्या गोष्टीत कारखान्यातलं सालित्रे असतं आणि बंदरावरच्या घराच्या दाराला खाणारं सालित्रेही असतं. तेव्हा संगणकाला ‘सगळीकडे बदल’ ही आज्ञा कधीही देऊ नका. मग मजकूर एकदा अशा माणसाकडून वाचून घ्या ज्याला स्पॅनिश येत नाही पण वस्तू ठाऊक आहे : शेतीसाठी शेतकरी, भिंतीसाठी गवंडी, मांसासाठी स्वयंपाकी.

८. सरावासाठी चार वाक्यं

आधी स्वतः मराठी करा, मग पुढं वाचा.

“एल सालित्रे से कोमियो ला रेखा.” ठिकाण हवानाचा किनारा, रेखा म्हणजे खिडकीची जाळी. मी लिहीन : खाऱ्या वाऱ्यानं जाळी पोखरून टाकली.

“योव्हियो तोदो एल मेस इ सालियो सालित्रे एन ला साला.” ठिकाण मेक्सिको. महिनाभर पाऊस लागला आणि बैठकीच्या खोलीला लोणा आला.

“फाल्ता सालित्रे पारा ला पोल्व्होरा.” अठराव्या शतकातलं स्पेनमधलं लष्करी पत्र. दारूसाठी सोरा कमी पडतो आहे.

“मि आबुएलो मुरियो एन एल सालित्रे.” अंतोफागास्ताची एक बाई बोलते आहे. इथं वस्तू नाही, तो सगळा धंदा, तो माळ आणि तिथलं राबणं एका शब्दात आलं आहे. मी बरेच दिवस यावर अडले होते. शेवटी लिहिलं : आमचे आजोबा सालित्रेच्या कामावर वारले.